डार्सीचं पहिलं वाक्य

मेलबर्नच्या रुग्णालयात माझ्या धाकट्या मुलाच्या, डार्सीच्या मेंदूत बसवलेलं यंत्र पहिल्यांदाच सुरू झालं. चार वर्षांपूर्वी इचुका गावाच्या रस्त्यावर दोघा भावांची गाडी निलगिरीच्या झाडावर आदळली, तेव्हापासून त्याला हलता-बोलता येत नव्हतं. “डार्सीच पिऊन चालवत होता,” थोरल्या लॅकीने सांगितलं आणि मी ते मानलं. “मनात आणशील ते पडद्यावर उमटेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकेक अक्षर दिसू लागलं. ‘लॅकी...’ लॅकीचा चेहरा पांढराफटक पडला. ‘लॅकी, तू...’ “बंद करा ते!” तो ओरडला. ‘लॅकी, तू दा...’ “दारू मीच प्यायलो होतो, बाबा! गाडीही माझ्याच हातात होती,” म्हणत तो मटकन खाली बसला. ज्याला मी चार वर्षं मनोमन शिव्या घातल्या, त्या पोराकडे मला बघवेना. अक्षरं उमटतच होती. ‘लॅकी, तू दाढी काढ. बोकड दिसतोस.’