निर्ढावलेले जंतू

तान्ह्या बाळाला क्षय झाल्याचं कळलं आणि घरातली सगळी बोटं बाळाला सांभाळणाऱ्या मावशींकडे वळली. "दुसरं कोण आणणार हे दुखणं घरात?" असं म्हणून सासूबाईंनी त्यांना तडकाफडकी कामावरून काढून टाकलं. सून मान खाली घालून दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.

मग सगळ्यांची तपासणी झाली, काढून टाकलेल्या मावशींचीही. मावशी आणि सून, दोघींच्याही छातीत जंतू सापडले. "सांगितलं नव्हतं मी?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेलाही हिनेच दिला."

डॉक्टरांनी तिघींना समोर बसवलं. "हे जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. कुणीतरी पूर्वी गोळ्या सुरू केल्या आणि बरं वाटताच मध्येच सोडल्या. त्यातून वाचलेले जंतू असे निर्ढावतात. कुणी सोडल्या आणि कोणत्या, ते खरं सांगा. बाळाचं औषध त्यावरून लवकर ठरवता येईल."

सुनेला लग्नाआधीचे दिवस आठवले. खोकला थांबला होता, आणि आई म्हणाली होती, "सासरी गोळ्या नेऊ नकोस बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी जन्मात असल्या गोळ्या घेतल्या नाहीत हो," मावशी रडकुंडीला आल्या. "ताई, दिवसभर मी तुमच्यासमोरच असायचे. तुम्ही तरी सांगा यांना."

सुनेने बाळाला पोटाशी घट्ट धरलं.

"मावशी घ्यायच्या गोळ्या," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."