पाझरता रांजण

दहावा दिवस उजाडला, तरी खोक्यातली माती कोरीच होती.

मुतवल्ली गच्चीवर उकिडवा बसून त्या मातीकडे बघत होता. ऐन उन्हाळ्यातल्या मिसरा महिन्याचं ऊन पाठ भाजत होतं. हिवाळी लेट्यूसची रोपं एव्हाना वर यायला हवी होती. बी तरी केवढं? चिमूटभर. थंडीत त्याची बायको नफूसा गेली, तेव्हा तिच्या डबीत एवढंच उरलं होतं. जांभळट दांड्याचं हे बी तिच्या आईकडून आलेलं. बाजारात ते मिळत नसे. रोपं आली नाहीत, तर वसंतातल्या सणाला ती पानं ताटात नसतील. यंदाही नाही आणि पुढे कधीच नाही.

नफूसा खोका खाली गल्लीत ठेवायची. तिचे गुडघे दुखतात म्हणून ठेवते, अशी मुतवल्लीची समजूत होती. त्याचे गुडघे धड होते. त्याने खोका वर आणला. दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायचा आणि उतरला की शिडी घरात ओढून घ्यायचा.

शेजारचा खलफ कित्येक वर्षं हे बी मागत आला होता. नफूसा हसून म्हणायची, “पानं टोपलीभर न्या, भावोजी. बी नाही मिळायचं.” पेरणीच्या दिवशी हाच खलफ चहाला वर आला होता. त्याने खोक्यातली माती बोटाने चाचपली होती. “यंदा वर का रे?” असंही विचारलं होतं. मुतवल्लीने ऐकलं न ऐकलंसं केलं होतं. आता ते बोट त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

दुपारी तो गल्लीत आला. दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीच्या सावलीत खलफने वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण ठेवला होता. त्यातलं पाणी थेंब थेंब पाझरून खालची माती कायम ओली असे. त्या ओल्या मातीत पंधरा-वीस कोवळी रोपं उभी होती. त्यांचे दांडे जांभळट होते. वरून कुणीतरी खजुराची झावळीही आडवी घातली होती.

“खलफ! बाहेर ये, चोरा!”

खलफ तोंडातला घास चावतच दारात आला. “काय झालं? कुणाला चोर म्हणतोस?”

“तुलाच! मेलेल्या बाईचं बी उचललंस. हात झडला नाही तुझा?”

“ही रोपं होय? अरे, परवा दिसली मला. कुठून आली कळेना, म्हणून नुसती झावळी घातली. तोंड सांभाळून बोल.”

“आपोआप चालत आली म्हणायची!”

मुतवल्ली रोपं उपटायला खाली वाकला. पहिल्या रोपाला हात लावला आणि तसाच थांबला. रोपाच्या बुंध्याशीच मुंग्यांचं वारूळ होतं. एक मुंगी बारीक, लांबट दाणा ओढत आत शिरत होती. तिच्या मागे दुसरी. त्यांची रांग भिंतीवरून खाली येत होती. मुतवल्लीची नजर रांगेबरोबर वर सरकत गेली. भिंतीच्या पोपड्यांवरून, कठड्यावरून, थेट त्याच्याच गच्चीपर्यंत.



खलफनेही वर पाहिलं, मग खाली रोपांकडे. त्याचा आवाज उतरला. “नफूसावहिनी खोका इथेच ठेवायच्या. या रांजणाला टेकवून. म्हणायच्या, उन्हाने तापलं की हे बी झोपून जातं, भावोजी, त्याला गारवा लागतो. मी तुला त्या दिवशीही विचारलं होतं. यंदा वर का नेलास?”

मुतवल्लीने ओल्या मातीतला हात हळूच मागे घेतला.

“तू चोरशील म्हणून,” तो म्हणाला.