आधी फ्लॉपी, मग डिस्क

"सगळं पुसून टाका," म्हणत चिटणीस दत्ताराम साहेबांनी सुगंधाच्या टेबलावर फ्लॉपी ठेवली. "नवा डॉस चढवला म्हणून सांगा. दुपारी ओरोसहून चौकशीवाले येतायत. जुनं काही उरता कामा नये."

एकोणनव्वद साल होतं. मालवणात लाँच चालवणाऱ्या त्या संस्थेत कॉम्प्युटर एकच, आणि तो चालवणारी सुगंधा. चार दिवसांपूर्वी तारकर्लीसमोर संस्थेची लाँच बुडाली. अकरा माणसं गेली. तळाची फळी कुजली होती, असं अख्खं बंदर कुजबुजत होतं. मग ती सोडली कुणी? तपासणीचं रजिस्टर कपाटातून नाहीसं झालेलं. सुगंधा त्या आठवड्यात माहेरी होती, आजच कामावर परतलेली. नोंद बदलीवरच्या माणसाने भरलेली. आता ती फक्त मशीनमध्ये उरली होती. त्या दिवशी तपासणीची पाळी कुणाची, हे तिने घोवालाही, संस्थेतच कामाला असलेल्या नवऱ्यालाही, विचारलं होतं. "माका काय म्हायती?" म्हणून तो कूस वळवून झोपला होता.

"साहेब, माणसं मेलीत."

"सुगंधाबाई, तुमच्याच भल्याचं सांगतोय." त्यांचा आवाज खाली गेला. "काही विचारू नका."

उघड धमकीच ती. सुगंधाने फ्लॉपी उचलली.

मशीन सुरू होताना आधी फ्लॉपी शोधतं. मिळाली तर तिचं ऐकतं; हिचं ऐकलं तर डिस्क पुसली जाणार. नाही तर आतल्या डिस्कवरून उठतं. तिने फ्लॉपी खाचेत सरकवली, पण वरची खिट्टी फिरवली नाही. खिट्टी उघडी, म्हणजे फ्लॉपी असून नसल्यासारखी. खाच करकरली, दिवा लागला, विझला. मशीन डिस्कवरूनच उठलं. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने उगीच चार अक्षरं दाबली आणि पडदा कोरा केला.

"झालं?"

"झालं, साहेब. काही नाही उरलं."

साहेब मटकन खुर्चीत बसले. डोळे मिटून त्यांनी हात जोडले.

दुपारी जीप आली. चौकशी अधिकाऱ्याने नोंद मागितली. साहेब "मशीन कोरं झालंय" म्हणेपर्यंत सुगंधाने प्रिंटर चालू केला होता. कागद फाडून, न वाचताच, तिने अधिकाऱ्याच्या हातात दिला.

"अहो, काय केलंत हे!" साहेबांनी कपाळ धरलं.

अधिकारी मोठ्याने वाचू लागला. "फळी कुजलेली. लाँच नेण्यास अयोग्य. तरी सोडण्यास परवानगी. तपासनीस, हरिश्चंद्र." त्याने मान वर केली. "हा हरिश्चंद्र कोण?"

साहेबांनी सुगंधाकडे बघितलं. सुगंधाने टेबलाची कड घट्ट धरली. कचेरीतली मराठी तिला आठवेना.

"माझो घोव," ती म्हणाली.