पहिलं वाक्य

सर तासाला कितीदा शिंकतील, पाल ट्यूबलाइटपर्यंत पोचेल का, आम्ही चौघं होस्टेलवर कशावरही पैज लावायचो. मी तीन विषयांत नापास झाल्याचं पत्र घरी गेलं आणि वडील गॅरेजमधून तडक निघाले, तेव्हा त्यांच्या पहिल्या वाक्यावर पैज लागली. जिंकणाऱ्याचे कपडे बाकीच्यांनी महिनाभर धुवायचे. माझा अंदाज होता, ‘मी तुझ्या वयाचा असताना...’; त्यामागे वीस वर्षांचा अनुभव होता. वडील आले. भिंतीवरचा अंदाजांचा कागद काढायचं आम्ही विसरलो होतो. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, खिशातलं पेन काढून खाली एक ओळ लिहिली आणि तीच मोठ्याने वाचली, “पैजेत कुणी जिंकत नसतं.” एक मित्र हळूच म्हणाला, “काका, तुम्हीच जिंकलात.” वडिलांनी क्षणभर विचार केला. तेलाने काळा पडलेला शर्ट उतरवून माझ्या हातात ठेवला. “रोज एक पाठवतो.”