सोडलेला भात

राहीच्या कढईत लाल रस्सा रटरटत होता आणि त्यात तांदळाच्या पिठीची मऊ बोटं वर तरंगत होती. कोरियातली तॉकबोक्की. “करून बघ,” असं तिच्या नवऱ्यानं, नंदननं, जहाजावरून कळवलं होतं. मग त्याचं जहाज परमुलखाच्या बंदरात अडकलं, फोन येईनासा झाला, आणि सासूबाईंनी देवापुढं भात सोडला. लेक उंबऱ्यात दिसेपर्यंत शितालाही शिवायचं नाही.

“शेंगोळ्यांसारखं दिसतंय. मलाही वाढ की,” सासूबाई म्हणाल्या.

राहीचा हात थबकला. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही मागितलं होतं. सोडलाय तो भात, पिठी कुठं, असं मनाशी म्हणत तिनं वाटी भरली.

“झणझणीत झालंय गं.” नाक पुसत त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली. “कशाचं पीठ?”

गव्हाचं, एवढंच म्हणायचं होतं. पण नंदनचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

“तांदळाचं, आई. मुद्दाम बोलले नाही. तुम्ही धड जेवत नव्हता...”

वाटी खाली ठेवून सासूबाई देव्हाऱ्याकडं वळल्या. त्यांनी हात जोडले.

“देवा, पोरीवर रागावू नको. खाल्लं मी. आजपासून चहा सोडते.”

पहाटेचा तो कपभर चहा, तेवढीच त्यांची चैन. राही त्यांच्या शेजारी बसली.

“त्यांचा चहा राहू दे, देवा. मी सोडते.”

“तू कशाला? चहाशिवाय तुझे डोळे उघडत नाहीत.”

“म्हणूनच, आई.”