सुटे तुकडे

दोघी जावा एकाच टेबलावर समोरासमोर बसून, एकाच कंपनीसाठी मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करत. काम तासांवर. धाकटीला आठवड्याला तीस तास मिळत, थोरलीला जेमतेम तीन, तेही सुटे तुकडे. धाकटीच्या कीबोर्डची टकटक थोरलीच्या डोक्यात जाई. मग ती उठून उगाच कपाटाची दारं आपटे.

शेवटी तिने कंपनीतल्या मॅडमना फोन लावला. "तीन तासांसाठी आठवडाभर अडकवून ठेवता. नीट काम द्या, नाहीतर मला मोकळं करा."

"तुम्हाला सोडून कसं चालेल?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या जाऊबाईंना जे ऐकू येत नाही, ती जागा त्या रिकामी सोडतात. तेवढेच तुकडे तुमच्याकडे येतात. ते दुसऱ्या कुणालाच ऐकून उलगडत नाहीत."

"मग त्याचा दर वेगळा पडेल," थोरली म्हणाली. मॅडम लगेच कबूल झाल्या.

फोन ठेवला तर धाकटी हेडफोन काढून तिच्याकडेच बघत होती.

"तुला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," धाकटी म्हणाली. "रिकामी जागा सोडताना दर वेळी जीव जळायचा माझा, ताई."