थोरल्यांचा कान

"अरे, कान हलला पुन्हा," चितारीकाका म्हणाले.

"म्हातारा झालाय, काका. माश्या सोसत नाहीत," हत्तीच्या मानेवरून माहूत म्हणाला आणि कानामागे रुतवलेला पायाचा अंगठा हळूच सैल केला.

राजाने हा हत्ती शेजारच्या राजाला द्यायचं कबूल केलं होतं. पण दरबाराचा नियम होता, हत्ती जाण्याआधी त्याचं हुबेहूब चित्र इथे राहिलं पाहिजे. चित्र पुरं झालं की हत्ती निघणार. माहूत इथेच राहणार, तिकडे त्यांचे माहूत होते. बावीस वर्षं ज्याला 'थोरले' म्हणून हाक मारली, त्याच्याशिवाय सकाळी उठायचं तरी कशाला, हे बिचाऱ्याला सुचत नव्हतं. म्हणून रोज अंगठा.

काका पडले साधे. रोज हत्तीखान्यासमोर फळी मांडीवर घेऊन बसत, कुंचला वाटीत बुडवत, कागदावर टेकवत. वाटीतलं पाणी संध्याकाळपर्यंत नितळ राही. केवढा स्वच्छ हात, असं माहुताला वाटे. उठताना ते फळीवर फडकं टाकत. "अपुरं चित्र दाखवू नये कुणाला."

कारभारी दर महिन्याला येऊन त्यांना फैलावर घेई. "एका हत्तीला इतके महिने? डोळे गेले की काय तुमचे?"

"वय झालं," काका मान खाली घालून म्हणत. "कान काही जमत नाही."

शेवटी मुख्य चिताऱ्याची जागा त्यांच्याच शिष्याला मिळाली. त्या दिवशी माहुताने आपली भाकरी थोरल्यांनाच घातली.

तिसऱ्या वर्षी थोरल्यांचे गुडघे धरले. एवढा प्रवास आता झेपायचा नाही, असं वैद्याने सांगितलं. शेजारच्या राजाकडे हत्तीऐवजी घोडे गेले.

माहूत तडक काकांच्या घरी गेला आणि त्याने त्यांचे पाय धरले. "तुमचं नाव मी धुळीला मिळवलं, काका. कान आपोआप हलत नव्हता. मी अंगठा दाबत होतो."

काकांनी त्याला उठवून फळी त्याच्या हातात दिली. त्याने फडकं बाजूला केलं.

चित्र पुरं होतं. कोपऱ्यात तारीख होती, काम सुरू झाल्याच्या चौथ्या दिवसाची. थोरल्यांच्या मानेवर माहूत बसला होता, आणि त्याच्या पायाचा अंगठा, अगदी नखासकट रेखलेला, कानामागे रुतला होता.